भारतीय बुलफ्रॉग

भारतीय बुलफ्रॉग (होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) हा देशातील सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एक. पूर्ण वाढ झालेला बेडूक १५ सेंटिमीटरच्याही पुढे जातो. मादी नराहून मोठी असते. गोव्यात भातशेते, तळी, पठारांवरची डबकी आणि रस्त्याकडेचे चर ही त्याची नेहमीची ठिकाणे. उन्हाळ्यात तो जमिनीखाली दडून राहतो.

ओळख पटवायला सर्वांत सोपे दिवस मृगाच्या पहिल्या जोरदार सरींनंतरचे. एरवी शेवाळी किंवा मातकट अंगाचा, गडद ठिपक्यांचा नर तेव्हा पिवळाधम्मक होतो. ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्याशार पिशव्या फुगतात. मादी मात्र मळकटच राहते. हा रंग फार टिकत नाही. विणीचा भर ओसरला की नरही पहिल्यासारखा. मग पाठ पाहावी: डोक्याकडून मागे गेलेल्या, मध्येमध्ये तुटलेल्या उभ्या वळ्या आणि बहुतेकांच्या मधोमध एक फिकट रेघ. मागच्या पायांची बोटे जवळजवळ टोकापर्यंत पडद्याने जोडलेली असतात. पिल्ले चकवतात, कारण त्याच डबक्यात युफ्लिक्टिस हा पाण्यावरून टप्पे घेत पळणारा छोटा बेडूकही असतो. त्याच्या पाठीवर अशा लांब वळ्या नसतात, नुसते बारीक फोड दिसतात.

किडे, खेकडे, उंदीर, लहान बेडूक, तोंडात मावेल ते हा खातो. याच्या बेडूकमाशांनाही हीच खोड असून ते इतर बेडूकमासे, प्रसंगी आपलीच भावंडेही गट्ट करतात. अंदमानात माणसामुळे पोहोचलेली ही जात तिथल्या बेडकांना म्हणूनच जड जाते आहे.

ज्या रात्री हा सहज दिसतो, त्याच रात्री त्याची शिकारही होते. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ या नावाने त्याचे पाय ताटात येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे. बेडकांच्या पायांची निर्यातही १९८७ मध्ये बंद झाली. टॉर्चच्या झोतात हा बेडूक बसल्या जागी थिजतो आणि शिकाऱ्याचे निम्मे काम तिथेच होते. निरीक्षकाने झोत डोळ्यांवर न रोखता बाजूला, जमिनीवर टाकावा. थोडा वेळ गप्प उभे राहिले की थांबलेला आवाज पुन्हा सुरू होतो. फोटो खुशाल सर्वांना दाखवावा, डबक्याचा पत्ता मात्र देऊ नये.