‘मोठ्यांसाठी’ म्हणजे नेमकं कोणासाठी? कॅसेटवरच्या जपानी दंगलीची पार्श्वभूमी

‘ग्रॅपलर बाकी’ या ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटाची, ४५ मिनिटांची व्हिडिओ कॅसेट जपानमध्ये १९९४ साली आली. टोकियो डोमच्या खाली, जमिनीच्या पोटात लपवलेला आखाडा. हत्यार सोडून सगळं चालतं आणि गुणांवर निकाल नाही. आपल्याकडे गुणांच्या कुस्तीला नाक मुरडणारे जुने शौकीन आहेत, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. नायक बाकीच्या पुढ्यातला कराटेवाला मात्र समजावून सांगावा लागेल, कारण तो बोट अंगात खुपसून नस तोडतो. रक्त भरपूर. साहजिकच जपानबाहेर या कॅसेटची गणना ‘मोठ्यांच्या’ ॲनिमेत झाली.

गंमत अशी, की मूळ चित्रकथा १९९१ पासून छापून येत होती ती मुलांच्या साप्ताहिकात. म्हणजे जपानी शाळकरी पोरगा ट्रेनमध्ये जे वाचत होता, तेच इतरत्र प्रौढांच्या कप्प्यात गेलं. हा घोळ समजायचा तर कॅसेटच्या धंद्याकडे वळावं लागतं.

थेट व्हिडिओवर काढलेलं पहिलं ॲनिमे ‘डॅलोस’, डिसेंबर १९८३. तोवर टीव्हीवरच्या मालिकेला पैसे पुरवायचे बहुतेक खेळणी किंवा खाऊ विकणारे, आणि त्यांना हवी असायची मुलं. कॅसेटचं गणित वेगळं. अर्ध्या तासाच्या कॅसेटची किंमत दहा हजार येनच्या आसपास जायची, त्यामुळे ती घ्यायची एक तर भाड्याच्या दुकानांनी, नाहीतर पगारदार वेड्यांनी. प्रायोजक गेला, वेळेची चौकट गेली, रात्री आठला घरातले सगळे बघतायत ही धास्तीही गेली. मारामारीला हाड मोडल्याचा आवाज आला तो इथे.

पण त्याच दारातून दुसरं कोणीतरीही आत आलं. १९८४ मध्येच उघड कामुक कॅसेटी निघू लागल्या. थेट व्हिडिओवर निघणाऱ्या ॲनिमेला सुरुवातीला ‘ओएव्ही’ (ओरिजिनल ॲनिमेशन व्हिडिओ) असंही म्हणत, पण जपानीत ‘एव्ही’ म्हणजे ॲडल्ट व्हिडिओ. दुकानात उभं राहून ती अक्षरं उच्चारणं अवघड झालं, म्हणून अक्षरांची अदलाबदल होऊन ‘ओव्हीए’ (ओरिजिनल व्हिडिओ ॲनिमेशन) रूढ झालं, असं सांगितलं जातं. पश्चिमेकडच्या चाहत्यांनी जुनं रूप बरीच वर्षं चालवलं. अक्षरांच्या या उलटापालटीला मी इतकी जागा देतोय, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यात आहे: ‘मोठ्यांसाठी’ या एका शब्दात तीन वेगळे अर्थ कोंबले गेले. एक, कामुक. दोन, रक्तबंबाळ. तीन, मोठ्यांना रुचेल असं गंभीर. जपानी फौजदारी कायद्याला यातल्या पहिल्याचंच वावडं. १९०७ च्या दंडसंहितेतलं कलम १७५ अश्लीलतेबद्दल आहे, फुटलेल्या बरगडीबद्दल नाही. १९८९ च्या बालहत्यांच्या प्रकरणात आरोपीच्या खोलीत हजारो कॅसेटी सापडल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी हे तिन्ही अर्थ एकाच पोत्यात भरले. कॅसेट जमवणाऱ्याकडे संशयानं बघायची सवय त्यानंतर घट्ट झाली.

ब्रिटनमध्ये तर शिक्का हीच जाहिरात ठरली. १९८४ च्या कायद्यानं तिथे बहुतेक कॅसेटींना वयाचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. नव्वदीच्या दशकात वितरकांच्या लक्षात आलं की ‘१५’ किंवा ‘१८’चा गोल शिक्का दिसला की तरुण पोरं हात घालतात. मग इंग्रजी डबमध्ये मूळ जपानीत नसलेल्या शिव्या पेरल्या गेल्या, प्रमाणपत्र वर चढावं म्हणून! दुसरीकडे तिथल्या सेन्सॉरच्या परीक्षकांना नुनचाकूचं (साखळीनं जोडलेल्या दोन दांडक्यांच्या हत्याराचं) भय इतकं, की १९९१ च्या निन्जा कासवांच्या सिनेमात सॉसेजची माळ नुनचाकूसारखी फिरवली तर तीही कापली. शिव्या चालतील, सॉसेज नको. हा निर्णय कसाही फिरवून पाहिला तरी मला पटत नाही.

मारामारीच्या ॲनिमेतला स्पर्धेचा साचा अर्थात जुना आहे. ‘ड्रॅगन बॉल’ आपल्याकडच्याही पोरांनी पाहिलंय, त्यामुळे बाद फेरीची मांडणी सांगत बसत नाही. मात्र १९९४ ची वेळ महत्त्वाची. आदल्याच वर्षी टोकियोत के-वन ही किकबॉक्सिंगची स्पर्धा आणि अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप) ही वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांची स्पर्धा सुरू झाली होती. कराटे भारी की कुस्ती, हा कट्ट्यावरचा वाद तिकीट लावून, खऱ्या माणसांवर तपासला जात होता. कॅसेटवरचा आखाडा त्याच वादाचं चित्र होतं. ती अमेरिकेत गेली तेव्हा ‘द अल्टिमेट फायटर’ हे उपशीर्षक तिला चिकटलं. कशाची आठवण करून द्यायची होती, हे उघड आहे. १९९४ च्याच ‘स्ट्रीट फायटर टू’ या ॲनिमे चित्रपटाची अमेरिकेत दोन रूपं विकली गेली, एक कात्री लावलेलं आणि एक वयाच्या प्रमाणपत्राविना. दोहोंमधला गाजलेला फरक मारामारीचा नसून नायिकेच्या अंघोळीचा होता. पुन्हा तेच पोतं.

२००१ मध्ये ‘बाकी’ टीव्हीवर आलं, आणि वर्षाच्या उत्तरार्धात त्यातली मोठी स्पर्धाही. कॅसेट तोवर मरणपंथाला लागली होती, डीव्हीडी दुकान बळकावत होती. त्यानंतर ‘ओव्हीए’चा अर्थ आक्रसला: टीव्ही मालिकेचं शेपूट, किंवा पुस्तकाबरोबर मिळणारी चकती. २०१६ च्या डिसेंबरात ‘बाकी’चीच एक डीव्हीडी चित्रकथेच्या मर्यादित आवृत्तीला जोडून निघाली. दोनच वर्षांनी मालिका स्ट्रीमिंगवरून जगभर गेली, भारतातही. कप्पा नाही, दुकानदार नाही. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ऑनलाइन कार्यक्रमांना यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशा पायऱ्या लावल्या. शेजारी कारण लिहायचं असतं: हिंसा, नग्नता, भाषा. ब्रिटनमधल्या त्या कॅसेटी खपायच्या त्या गोल शिक्क्यावर.