अपुऱ्या दिवसांची बाळे आणि उशिरा जुळलेला पुरावा

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रॅहॅम लिगिन्स हे प्रसूतितज्ज्ञ मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूतीच्या कळा नेमक्या कशामुळे सुरू होतात, हा त्यांचा प्रश्न होता. मात्र जन्माआधी स्टिरॉइड मिळालेले एक कोकरू, जगण्याची आशा नसावी इतक्या लवकर जन्मूनही, श्वास घेत राहिले. फुप्फुसांतील वायुकोश उच्छ्वासाबरोबर मिटून जाऊ नयेत म्हणून शरीर सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ तयार करते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो पुरेसा नसतो आणि जन्मानंतर काही तासांतच त्याला धाप लागते. स्टिरॉइडमुळे फुप्फुसांची ही तयारी लवकर होते, असे अनुमान काढून लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ गर्भवतींवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले: पहिल्या आठवड्यातील बाळांचे मृत्यू १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आले होते.

औषध स्वस्त होते, इंजेक्शन देणे सोपे होते, तरीही पुढची जवळजवळ वीस वर्षे बहुतेक प्रसूतितज्ज्ञ ते देत नव्हते. मधल्या काळात इतर ठिकाणीही चाचण्या झाल्या, पण त्यांपैकी अनेक लहान होत्या. शंभर-दीडशे बाळांच्या चाचणीत मृत्यू मोजकेच असतात आणि दोन-चार मृत्यूंचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. त्यामुळे सुटी चाचणी वाचणाऱ्या डॉक्टरला ‘फायदा दिसतो, पण खात्री देता येत नाही’ एवढेच समजत असे, आणि आईला जंतुसंसर्ग होईल ही भीती त्या अनिश्चिततेत अधिक वजनदार ठरत असे. या सर्व चाचण्या एकत्र मांडणारा पद्धतशीर आढावा १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी पॅट्रिशिया क्राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा बाळांचे मृत्यू कमी होतात याबद्दल शंका घेण्यास फारशी जागा उरली नाही. लागणारी बरीचशी माहिती आधीच छापलेली होती. ती कोणी जुळवली नव्हती. दरम्यान हजारो बाळे अकारण दगावली असावीत, आणि माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासातील ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरला विद्यार्थिदशेतच सांगितली गेली पाहिजे.

ब्रिटनमधील साथरोगतज्ज्ञ आर्ची कॉक्रन यांनी १९७९ मध्येच आपल्या व्यवसायबंधूंना याबद्दल खडसावले होते. प्रत्येक वैद्यकशाखेतील सर्व नियंत्रित चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा तयार करण्याची आणि तो वेळोवेळी सुधारण्याची व्यवस्था आपण केलेली नाही, ही त्यांची तक्रार होती. असे पद्धतशीर आढावे तयार करण्यासाठी त्यांच्या नावाने १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉक्रन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बोधचिन्हात याच स्टिरॉइड चाचण्यांचा आलेख आहे. त्यातील प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. रेघ जितकी लांब, तितकी त्या चाचणीच्या उत्तरातील अनिश्चितता मोठी. मधली उभी रेघ ‘काहीच फरक नाही’ असे दर्शवते आणि खालचा हिऱ्याच्या आकाराचा छोटा चौकोन सर्व चाचण्यांचे मिळून उत्तर सांगतो. सुट्या रेघांपैकी बऱ्याच उभ्या रेघेला छेदतात, पण तो चौकोन तिच्यापासून स्पष्टपणे दूर आहे.

एखाद्या नामवंत तज्ज्ञाने लिहिलेला नेहमीचा आढावा आणि असा पद्धतशीर आढावा यांत मुख्य फरक शिस्तीचा आहे. तज्ज्ञ आपल्याला ठाऊक असलेले किंवा पटलेले अभ्यास निवडू शकतो. पद्धतशीर आढाव्यात तशी मुभा नसते. कोणते रुग्ण, कोणता उपचार, तुलना कशाशी आणि कोणता परिणाम मोजायचा, हे आधीच लिहून जाहीर करावे लागते. मग अनेक माहितीसाठ्यांत शोध घेतला जातो, किमान दोन जण एकमेकांचे न पाहता अभ्यासांची निवड करतात, आणि प्रत्येक अभ्यासात पक्षपाताला कुठे वाव होता हे तपासले जाते. उपचार कोणाला द्यायचा हे खरोखर चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले होते का, मध्येच किती रुग्ण गळाले, जे मोजू असे सांगितले होते तेच छापले का, असे प्रश्न त्यात येतात.

यातील सर्वांत कठीण भाग न छापलेल्या अभ्यासांचा आहे. फायदा दाखवणारी चाचणी लवकर प्रसिद्ध होते आणि निराशा करणारी चाचणी फाइलमध्ये पडून राहते. केवळ छापलेले तेवढेच गोळा केले, तर कितीही काटेकोर गणित केले तरी उत्तर औषधाच्या बाजूने झुकलेले निघते. म्हणूनच चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंद व्हावी असा आग्रह धरला जातो. भारतातही २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची अशी नोंद बंधनकारक आहे. नोंद असली की चाचणी झाली होती हे लपत नाही आणि आढावा घेणाऱ्याला तिचे निष्कर्ष मागता येतात. शेवटी पुराव्याची खात्री किती, हेही उच्च, मध्यम, कमी किंवा अत्यंत कमी अशा श्रेणीत सांगितले जाते. ‘पुरावा अपुरा आहे’ हे अनेक आढाव्यांचे प्रामाणिक उत्तर असते आणि रुग्णासाठी तेही मोलाचे असते, कारण महागड्या उपचाराला होकार देण्यापूर्वी त्याला ते माहीत असायला हवे.

स्टिरॉइडच्या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या अगदी जवळ घडला. आढाव्यातील चाचण्या प्रामुख्याने सुसज्ज रुग्णालयांतल्या होत्या. मग हेच इंजेक्शन खेड्यापाड्यांत, प्राथमिक केंद्रांतही द्यावे का? सहा देशांत, सुमारे एक लाख जन्मांचा समावेश असलेली मोठी चाचणी झाली. तिच्या क्षेत्रांत नागपूर आणि बेळगाव होते. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि ते धक्कादायक होते. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू दर हजारी सुमारे २४ ऐवजी २७ झाले, आणि मातांमध्ये संसर्गाचा संशय वाढला. दिवस नेमके किती भरले आहेत हे सोनोग्राफीविना ठरवणे अवघड होते, त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळे प्रत्यक्षात तितकी लहान नव्हतीच. बाळ जन्मल्यावर लागणारी उबेची, ऑक्सिजनची आणि देखरेखीची सोयही सर्वत्र नव्हती.

याचा अर्थ आधीचा आढावा चुकला होता असा नाही. त्याने ज्या परिस्थितीबद्दल उत्तर दिले होते, तिच्याबाहेर ते उत्तर नेले गेले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान येथील २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली, ज्यात गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केले जात होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. ‘मृत्यू १६ टक्क्यांनी घटले’ आणि ‘शंभर बाळांमागे सुमारे चार मृत्यू टळले’ ही दोन्ही वाक्ये त्याच आकड्यांतून निघतात, पण निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला दुसरे वाक्य अधिक उपयोगी पडते. त्याच वर्षी कॉक्रनचा आढावाही नव्याने मांडला गेला: २७ अभ्यास, २० देश, ११ हजारांहून अधिक स्त्रिया, आणि नवजात मृत्यूंत सुमारे २२ टक्के घट.

आज जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस या सगळ्या पुराव्यावर उभी आहे आणि तिला स्पष्ट अटी आहेत: गर्भाचे वय खात्रीने ठरवता यावे, लवकरच अकाली प्रसूती होण्याची दाट शक्यता असावी, आईला संसर्ग नसावा, आणि प्रसूतीची तसेच नवजात बाळाची पुरेशी काळजी तेथे घेता यावी. त्यामुळे वेळेआधी कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या घरच्यांनी ‘हे इंजेक्शन चांगले आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. आज नक्की कितवा आठवडा आहे, तो कोणत्या सोनोग्राफीवरून ठरला, आणि बाळ आजच जन्मले तर त्याला सांभाळण्याची सोय याच रुग्णालयात आहे की दुसरीकडे हलवावे लागेल, हे प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावेत. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी गर्भाचे वय सर्वांत अचूक सांगते, म्हणून तिचा कागद प्रसूतीपर्यंत फाइलमध्ये जपून ठेवावा.