१९६२ ची रेघ: विसरलेल्या गर्ल ग्रुप गाण्यांच्या संकलनांची पार्श्वभूमी

साठच्या दशकातल्या अमेरिकी गर्ल ग्रुपांची, म्हणजे फक्त मुलींच्या गायनगटांची, गाजलेली गाणी कधी विस्मरणात गेलीच नाहीत, त्यामुळे ती बाजूला ठेवू. संकलनांचा खरा माल म्हणजे त्यांच्या मागोमाग निघालेल्या आणि न चाललेल्या तबकड्या. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, डेट्रॉईट, लॉस एंजेलिस इथल्या लहानमोठ्या कंपन्या शाळकरी मुलींकडून दोन गाणी गाऊन घेत आणि पंचेचाळीसची तबकडी (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) काढत. रेडिओने ती उचलली नाही की विषय संपला. एलपीपर्यंत फारच थोड्या पोहोचल्या. १९६४ मध्ये ब्रिटिश बँड आले आणि दुसरी संधी मिळण्याची शक्यताही आटली.

पुढे या तबकड्यांना गिऱ्हाईक मिळालं ते इंग्लंडच्या उत्तर भागातल्या नाचघरांत. विगनचं नाचघर १९७३ ते १९८१ या काळात रात्रभर अमेरिकी सोल (कृष्णवर्णीयांचं नाचतं-गातं संगीत) वाजवत होतं. दुर्मीळ तबकडी हाती लागली की तिथले डीजे लेबलवर कोरा कागद चिकटवत आणि गायिकेचं भलतंच नाव सांगत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला माग लागायला नको. त्यांना हवा होता तो नाचाचा ठेका. मुलींची गाणी त्या ओघात वर आली.

नव्वदीत सीडी स्थिरावली आणि लंडनच्या पुनर्प्रकाशकांनी रीतसर परवाने घेऊन, मास्टर टेप (मूळ ध्वनिमुद्रणाची टेप) शोधून मालिका काढल्या. टेप मिळाली नाही तिथे तबकडीवरूनच आवाज उतरवला. २००५ मध्ये अमेरिकेत टोपीच्या गोल डब्यासारख्या पेटीत चार सीडी आणि १२० गाणी आली, तेव्हा हा छंद संग्राहकांच्या बाहेर पडला. सगळा आवाज एकत्र असलेलं मूळ मोनो ठेवावं की टेपवरून डाव्या-उजव्या बाजूंत वाटलेलं नवं स्टिरिओ करावं, यावर तेव्हापासून कडाक्याचं भांडण आहे. गाणी मोनोतच ऐकली जावीत म्हणून रचलेली होती, एवढंच म्हणून पुढे जातो.

कारण आज आपल्या कानावर काय पडतं हे त्या भांडणाने ठरत नाही, २०११ च्या एका निर्णयाने ठरतं. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ५० वर्षांचा होता, तो ७० वर्षांचा झाला. अंमल नोव्हेंबर २०१३ पासून, पण मुदत संपलेली गाणी परत संरक्षणात घेतली नाहीत. म्हणजे १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेलं सगळं युरोपात मोकळं, १९६३ पासूनचं बंद. ही रेघ गर्ल ग्रुपच्या ऐन भरातून जाते! परिणाम उघड आहे. १९६०-६२ च्या गाण्यांची स्वस्त संकलनं ढिगाने निघाली. त्यातली बरीचशी परवाना न घेता, मास्टर टेपचं तोंडही न बघता काढलेली. १९६३-६५ च्या, माझ्या मते जास्त धीट असलेल्या, गाण्यांसाठी मात्र आधी हक्कदार शोधायचा. तीन वेळा विकली गेलेली कंपनी असेल तर तो शोधणं हेच मोठं काम. अमेरिकेत तर २०१८ च्या कायद्याने या दोन्ही बाजूंची गाणी १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत बांधून ठेवली आहेत.

त्याच निर्णयात एक मेख होती: ५० वर्षांत प्रकाशितच न झालेल्या ध्वनिमुद्रणाला वाढीव मुदत नाही. म्हणून २०१२ पासून वर्ष संपता संपता मोठ्या कंपन्या कपाटातली गाणी घाईघाईने डिजिटल स्वरूपात सोडू लागल्या. त्यात डेट्रॉईटच्या मुलींची, तोवर कुणी न ऐकलेली गाणीही आली.

कलाकारांसाठी तरतूद केली गेली. वाढीव काळातल्या उत्पन्नाचा २० टक्के हिस्सा एकरकमी मानधनावर काम केलेल्या गायक-वादकांना द्यायचा. पण गायलं कोण? १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या एका तबकडीवर न्यूयॉर्कच्या मुलींचं नाव आहे आणि आवाज लॉस एंजेलिसच्या सेशन गायिकांचा, म्हणजे ध्वनिमुद्रणापुरत्या बोलावलेल्या गायिकांचा. निर्मात्याला घाई होती, मुली देशाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, आणि गटाच्या नावाचा हक्क त्याच्याकडे होता. तिथे निदान सत्य बाहेर आलं. लहान कंपन्यांच्या तबकड्यांवर गटाचं नाव एवढंच असतं. मागे गाणाऱ्या मुली कोण होत्या हे संकलकांनी फोन करकरून, जुन्या पावत्या चाळून काढलं आणि सीडीसोबतच्या पुस्तिकेत छापलं. स्ट्रीमिंगवर तीच गाणी चढली, पुस्तिका बहुतेक ठिकाणी चढलीच नाही.