भिंगरी, पाकोळी आणि पाण्याखालची झोप

माळभिंगरी, म्हणजे बार्न स्वॅलो हा छोटा पक्षी, हिवाळ्यात जाते कुठे, याचा पक्का पुरावा मिळाला तो पायातल्या कड्यामुळे. ६ मे १९११ रोजी इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या एका वकिलाने एका भिंगरीच्या पायात बी ८३० क्रमांकाचं हलकं कडं चढवलं. २३ डिसेंबर १९१२ रोजी तीच भिंगरी दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात, उट्रेक्ट गावाजवळच्या एका शेतघरात पकडली गेली. कड्यावर लंडनचा पत्ता होता, त्यावर पत्र गेलं. जेमतेम २० ग्रॅमचा पक्षी वाटेत सहारा ओलांडून एवढ्या लांब जातो, हे त्याआधी तर्काने मानलं जात होतं. आता तारीख आणि गाव हाती आलं.

त्याआधीचा इतिहास मुख्यतः भिंगऱ्या हिवाळाभर बिळांत किंवा पाण्याखाली झोपून राहतात, या कल्पनेचा आहे. पिसं झडलेल्या भिंगऱ्या बिळांत सापडतात, असं ग्रीक ग्रंथात लिहिलेलं. १५५५ च्या एका स्वीडिश ग्रंथात तर कोळी जाळं ओढताहेत आणि त्यात माशांबरोबर भिंगऱ्या आहेत, असं चित्रच आहे. जाणता कोळी भिंगऱ्यांचा तो गोळा परत पाण्यात टाकतो, नवखा घरी नेऊन शेकतो आणि पक्षी थोडा वेळ उडून मरतात, अशी पुस्तीही जोडलेली. हे सगळंच थोतांड म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण शरद ऋतूत भिंगऱ्या संध्याकाळी हजारोंनी पाणथळीतल्या बोरूंत उतरतात आणि एके दिवशी दिसेनाशा होतात. काठावरून पाहणाऱ्याला त्या पाण्यात गेल्या असं वाटलं, तर त्याला फार हसू नये.

या गैरसमजाचं निम्मं मूळ मात्र नावात आहे, आणि मराठी माणसाला ते लगेच उमगावं. आपण भिंगरीलाही सर्रास पाकोळी म्हणतो आणि पाकोळीलाही पाकोळी. काही ठिकाणी लहानसं वटवाघूळही पाकोळीच. तारेवर ओळीने बसलेली दिसली की ती भिंगरी. पाकोळीला तारेवर बसता येत नाही, तिचे पाय खडबडीत भिंतीला नखांनी लटकण्यापुरते. भिंगरी चिखलाच्या गोळ्या रचून घरटं बांधते, पाकोळी हवेतच झेललेली पिसं आणि काड्या लाळेने चिकटवते. नात्याने पाकोळी हमिंगबर्डच्या जवळची, भिंगरी चिमणी-बुलबुलांच्या गोतातली. दोघी सारख्या दिसतात कारण धंदा एक: उडता उडता किडे टिपणं. (भिंगरी हे नावही मजेशीर. ‘पायाला भिंगरी’ लागलेला माणूस गावोगाव हिंडतो, ही बाई मात्र पाय जमिनीला लावते ती बहुधा चिखल उचलण्यापुरते.)

युरोपातही हीच सरमिसळ होती. १७५८ च्या प्रसिद्ध वर्गीकरणात दोघींना हिरुंडो या एकाच प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) घातलं होतं. हा निर्णय घेणारा शास्त्रज्ञ स्वतः पाण्याखालच्या झोपेवर विश्वास ठेवणारा. पाकोळीसाठी वेगळी प्रजाती आली १७७७ मध्ये. आता गंमत अशी की, थंड, पावसाळी दिवसांत किडे मिळेनासे झाले की पाकोळीची पिल्लं खरोखर गारठून निपचित होतात आणि ऊब मिळाली की हलू लागतात. भिंतीच्या भोकात सापडलेल्या अशा ‘भिंगऱ्यां’तल्या निदान काही पाकोळ्याच असणार, असं मला वाटतं. एका नावाखाली दोन पक्षी, म्हणून एकीची झोप दुसरीच्या खात्यावर जमा झाली.

पाण्याच्या कल्पनेला पहिला नीट छेद अठराव्या शतकात बर्लिनमधल्या एका अभ्यासकाने दिला. त्याने भिंगऱ्यांच्या पायांना पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचे धागे बांधले. वसंतात पक्षी परतले तेव्हा रंग शाबूत होता. एवढ्या साध्या प्रयोगानंतरही वाद पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला.

अलीकडचा वाद वेगळा आहे आणि तो दक्षिण आफ्रिकेच्या त्याच नाताळ प्रांतात उभा राहिला. डर्बनच्या उत्तरेला माउंट मोरलँडच्या बोरूंत तेव्हा हंगामात सुमारे ३० लाख माळभिंगऱ्या रात्रीला उतरत, आणि नवा विमानतळ त्याच्या शेजारी आखला गेला. हरकती युरोपातूनही आल्या. मे २०१० मध्ये विमानतळ सुरू झाला, सोबत थव्यांवर नजर ठेवणारं रडार बसलं. हरकती नसत्या तर ते बसलं असतं, असं वाटत नाही.

त्याच्या बरंच आधी, १९८० मध्ये अर्जेंटिनाच्या ब्यूनस आयर्स प्रांतात उत्तर अमेरिकेतल्या काही माळभिंगऱ्या परत गेल्याच नाहीत. हिवाळा काढायला आलेल्या या पक्ष्यांनी रस्त्याखालच्या मोऱ्यांत घरटी केली. पुढे संख्या वाढत गेली. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा नोंदवणारी, एक ग्रॅमही न भरणारी यंत्रं पाठीवर बांधल्यावर त्यांचा नवा रस्ता कळला. तिथला हिवाळा सुरू होताना त्या दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात जातात. विणीचा हंगाम सहा महिन्यांनी सरकलाय, पिसं झडण्याची वेळही त्यामागोमाग.