कलम नेण्याआधी : संत्र्याची मूळकूज आणि तुमचं वावर

रोपवाटिकेत येणारे भाऊ पहिल्यांदा हेच विचारतात, "झाड मरणार नाही ना?" आम्ही उलट विचारतो, "पाऊस उघडल्यावर तुमच्या वावरात पाणी किती वेळ थांबतं?"

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात डिंक्या रोग कोणाला सांगावा लागत नाही. पण खोडावर डिंक ओघळतो तेव्हा खाली मुळं बहुधा आधीच सडू लागलेली असतात. हा उद्योग फायटोप्थोराचा. आपण तिला बुरशी म्हणतो, शास्त्रज्ञ मात्र तिला शेवाळाच्या नात्यातली मानतात. तिची चाल पाहिली की तेही पटतं : तिचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहत कोवळ्या मुळांशी जातात. त्यात आपली काळी, चिबड जमीन. पाणी धरते, हवा कोंडते, आणि गुदमरलेलं मूळ लवकर बळी पडतं. पाटाने एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी सोडलं, की रोगही ओळीने पुढे जातो.

पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की पुष्कळ जण युरिया टाकतात. त्याआधी झाडाच्या घेराखाली माती उकरा, एक तंतुमूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात दोऱ्याएवढा गाभा उरला, तर ही मूळकूज आहे, युरियाचे पैसे वाचवा.

लागवडीआधी दोन फूट खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं, तर तिथे आमचं कलम लावू नका. लावायचंच असेल तर उताराला चर काढा आणि गादीवाफ्यावर लावा. डोळा भरलेला जोड जमिनीच्या वीतभर वर हवा, खोडाला मातीची भर नको. आळं दुहेरी करा, आतलं खोडाभोवती कोरडं आणि बाहेरचं पाण्याचं, म्हणजे खोड कोरडं राहील. ठिबकची तोटीही खोडाला खेटून नको.

खुंटाचं, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतो त्याचं म्हणाल तर जंबेरी वाढते जोमाने, पण या रोगाला लवकर बळी पडते. रंगपूर लिंबू त्या मानाने तग धरतं. भारी जमिनीसाठी आम्ही रंगपूरच देतो, कोणी हट्ट केला तरी.

पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा. त्यात विळ्याचं पातं बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी शेणखतात मिसळून आळ्यात द्या, पण बोर्डोच्या सोबत नको. मोरचुदातल्या तांब्याने ती मरते.

एका पावसाळ्यात आमच्याच पिशव्या खोलगट कोपऱ्यात ठेवल्या गेल्या आणि त्या ओळीतली कलमं आम्हाला फेकावी लागली. तेव्हापासून पिशव्या उंच वाफ्यावर असतात आणि माती आधी उन्हात तापवून घेतो. तरी नेताना मनात शंका असेल तर दोन-चार पिशव्या आमच्यासमोर फोडून मुळं पाहा. पांढरी, ताजी मुळं दिसली तरच न्या. फोडलेल्या पिशवीचे पैसे आम्ही लावत नाही.