एकच सॉफ्टवेअर की एकच माहिती?

"सगळीकडे एकच सिस्टम करून टाका." संचालक मंडळात असा ठराव होतो, निविदा निघते, दोन-तीन वर्षे काम चालते. 'एकच' म्हणजे नेमके काय, हे मात्र बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि प्रत्येकाची बांधणी वेगळी असते. पहिला अर्थ, सगळ्या शाखांनी काम एकाच पद्धतीने करावे. हे प्रमाणीकरण. दुसरा, एका शाखेतली माहिती दुसऱ्या शाखेला लगेच आणि जशीच्या तशी मिळावी. ही जोडणी.

एक केले की दुसरे आपोआप साधते, हा समज सर्वात महाग पडतो. बँक ऑफ बडोदा, विजया बँक आणि देना बँक यांचे विलीनीकरण १ एप्रिल २०१९ रोजी झाले. तिन्ही बँकांकडे फिनॅकल हेच कोअर बँकिंग सॉफ्टवेअर, म्हणजे सगळी खाती आणि व्यवहार सांभाळणारे मुख्य सॉफ्टवेअर होते. तरीही देनाच्या सगळ्या शाखा बँक ऑफ बडोदाच्या प्रणालीत यायला डिसेंबर २०२० उजाडला. मध्ये कोविडचे महिने होते हे खरे. पण सॉफ्टवेअर एक असले तरी खातेक्रमांक, ग्राहकक्रमांक, योजनांचे कोड आणि शाखांची ओळख प्रत्येक बँकेची आपापली असते. विजया आणि देनाचे जुने आयएफएससी कोड तर १ मार्च २०२१ पासून बंद झाले. सॉफ्टवेअरचे नाव जुळणे ही सुरुवात असते. काम असते ते आतल्या ओळखी जुळवण्याचे.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या खिशातच आहे. यूपीआयची चाचणी ११ एप्रिल २०१६ रोजी २१ बँकांसह सुरू झाली. कोणाकडे फिनॅकल, कोणाकडे बॅन्क्स, कोणाकडे फ्लेक्सक्यूब. कोणत्याही बँकेला आतली पद्धत बदलायला सांगितले गेले नाही. ठरवून दिले ते फक्त सीमेवरचे: संदेशाचा आराखडा, पत्ता कसा लिहायचा, उत्तर कसे द्यायचे. २१ बँकांनी एकमेकींशी थेट जोडायचे म्हटले असते तर २१० जोडण्या कराव्या लागल्या असत्या. मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचे स्विच, म्हणजे संदेश योग्य बँकेकडे वळवणारी यंत्रणा असल्याने प्रत्येक बँकेला एकच जोडणी पुरली. इथे जोडणी पूर्ण आहे, पण आतले प्रमाणीकरण जवळजवळ नाही.

म्हणून धोरणातले वाक्य आधी नीट वाचावे. "कोणताही सभासद कोणत्याही शाखेत व्यवहार करू शकेल" हे वाक्य जोडणी मागते. "दरवर्षी दहा नव्या शाखा उघडू" हे प्रमाणीकरण मागते, कारण तिथे साचा तयार हवा. शाखांना एकमेकींची माहिती लागेलच असे नाही. एमआयटीच्या जीन रॉस आणि पीटर वाईल यांनी याच दोन अक्षांवर चार कार्यप्रारूपे मांडली: दोन्ही जास्त, दोन्ही कमी, किंवा दोहोंपैकी एकच जास्त. आपले धोरण यांपैकी कोणत्या चौकटीत बसते हे ठरवणे हा धंद्याचा निर्णय आहे. तो आयटी विभागावर सोडला, तर विक्रेत्याच्या उत्पादनात जे तयार आहे तेच आपले धोरण होऊन बसते.

पश्चिम महाराष्ट्रातला एखादा सहकारी समूह घ्या. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालय. ऊस नोंद, तोडणी आणि वजनकाटा यांचा फॅट, एसएनएफ (दुधातले स्निग्धांशाशिवायचे घन घटक) आणि दहा दिवसांच्या दूध बिलाशी काय संबंध? या सगळ्यांवर एकच ईआरपी, म्हणजे संस्थेचा सगळा कारभार चालवणारे सॉफ्टवेअर लादणे म्हणजे चारही ठिकाणी अर्धवट सोय. पण समूहाने ठरवले की शेतकऱ्याला ऊसबिल आणि दूधबिल एकत्र पाहून कर्ज द्यायचे, तर मात्र एक गोष्ट सामायिक हवी: तो शेतकरी. बाकीचे सगळे वेगळे राहू द्या.

आणि इथेच खरी कसोटी लागते. कारखान्याच्या नोंदीत आडनाव आधी असते, दूध संस्थेत नाव आधी, पतसंस्थेत वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर. शिंदे, चौधरी या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे दोन-तीन प्रकारची. ऊस वडिलांच्या नावावर, दूध सुनेच्या नावावर. नुसत्या नावावरून जुळवणी केली तर दोन माणसे एक होतात किंवा एकाच माणसाचे तीन होतात. म्हणून नवा समूहक्रमांक द्यावा, जुने क्रमांक त्याच्या पोटात जपून ठेवावेत आणि यंत्राने सुचवलेली प्रत्येक शंकास्पद जोडी माणसाकडून तपासून घ्यावी. मोबाइल क्रमांक ओळख म्हणून वापरू नये; एकाच घरातले चारजण एकच क्रमांक देतात. पत्ता बदलण्याचा अधिकार कोणाकडे, हेही लेखी ठरवावे. मालक नसलेली सामायिक यादी लवकरच पुन्हा बिघडते.

जोडणीत दुसरी चूक वेळेची. शिल्लक पाहायची असेल तर तत्काळ उत्तर लागते. मासिक अहवालाला रात्रीची फाइल पुरते. सगळेच तत्काळ हवे म्हटले की एक प्रणाली बंद पडताच बाकीच्या अडकतात. तिसरी चूक पैशाची. संदेश पोहोचला, पण उत्तर वाटेत हरवले, म्हणून पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवले आणि रक्कम दोनदा वळती झाली. उपाय जुना आहे: प्रत्येक व्यवहाराला पाठवणाऱ्यानेच एकमेव क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर व्यवहार न करता आधीचे उत्तर परत द्यावे. शिवाय रोज दोन्हीकडच्या बेरजा ताळून पाहाव्यात.

प्रमाणीकरणाची दुखणी वेगळी, जास्त माणसांची. व्याज आकारणीच्या सहा पद्धती सापडल्या तर प्रत्येकीपुढे लिहा: ही कायद्यामुळे आहे, ग्राहकामुळे आहे की सवयीमुळे? पहिल्या दोन प्रकारच्या पद्धती सेटिंगमध्ये ठेवा, सवयीची सोडून द्या. सवयीसाठी मूळ कोडला हात लावला की नवी आवृत्ती येताना तो बदल पुन्हा तपासावा लागतो, मग आवृत्ती टाळली जाते आणि शेवटी विक्रेत्याचा आधारही संपतो.

दोन्ही एकदम करायची वेळही येते. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात या पतसंस्थांना, म्हणजे गावच्या विकास सोसायटीला समान लेखापद्धती आणि समान सॉफ्टवेअर मिळणार, शिवाय ती जिल्हा मध्यवर्ती बँकेशी जोडली जाणार. अशा ठिकाणी क्रम महत्त्वाचा: आधी लेखाशीर्ष आणि सभासद यादी एकसारखी, मग आरंभीची शिल्लक ताळून घेणे, मग जोडणी. हा क्रम उलटवला तर सोसायटीच्या वहीतली चूक थेट बँकेपर्यंत पोहोचते.

निविदेत या दोन गोष्टींच्या स्वीकृती चाचण्या वेगळ्या लिहाव्यात. जोडणीसाठी: एका शाखेत सभासदाचा पत्ता बदला आणि पाच मिनिटांनी दुसऱ्या शाखेत तो वाचून दाखवा. प्रमाणीकरणासाठी: एका शाखेतल्या कारकुनाला दुसऱ्या शाखेत बसवा. नवे प्रशिक्षण न देता त्याच दिवशी त्याला खाते उघडता आले पाहिजे.