खालूबारच्या आधीचं : कॅप्टन मनोज पांडे आणि त्यांची पलटण

कॅप्टन मनोजकुमार पांडेंचा विषय निघाला की एसएसबीचा, म्हणजे आर्मीत अधिकारी निवडायच्या मुलाखतीचा, किस्सा ठरलेला, आर्मीत का यायचंय विचारल्यावर पठ्ठ्या म्हणाला परमवीर चक्र मिळवायचंय. किस्सा भारीच आहे, पण कारगिल युद्धात त्यांची पलटण मुळात लडाखमधल्या बटालिकला पोचली कशी हे फारसं कुणी सांगत नाही.

जन्म १९७५ चा, गाव यूपीत सीतापूर जिल्ह्यातलं रूढा. लखनौचं सैनिक स्कूल, मग आपल्या खडकवासल्याची एनडीए, आणि १९९७ ला ११ गोरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनमध्ये कमिशन. स्वातंत्र्याच्या वेळी गोरखा रेजिमेंट्सची भारत आणि ब्रिटनमध्ये वाटणी झाली ना, तेव्हा ७ आणि १० नंबरच्या रेजिमेंट ब्रिटिशांकडे गेल्या पण त्यातले बरेच जवान जायला तयार नव्हते, त्यांना घेऊन ही ११ नंबरची नव्याने उभी केली. म्हणून हिच्यात राई-लिंबू, म्हणजे पूर्व नेपाळकडच्या जमातींचे जवान, जास्त.

१९९९ मध्ये ही पलटण सियाचीनचा टेन्युअर संपवून खाली उतरलेली आणि पुढचं पोस्टिंग चक्क पुणे, पीस स्टेशन, म्हणजे सीमेपासून लांब, निवांत. तेवढ्यात मे महिन्यात बटालिकमध्ये पाकिस्तानी घुसखोर असल्याचं कळलं आणि पलटणीला तिकडे वळवलं. उंचीची सवय झालेली माणसं तीच होती, त्यामुळे हे होणारच होतं म्हणा, पण बर्फातून सुटून आलेल्या पोरांना परत डोंगरावर चढवणं म्हणजे काय ते आपण घरी बसून काय समजणार. वर किती जण आहेत याचा नीट अंदाजही सुरुवातीला कुणाला नव्हता.

जुबार टॉपच्या लढाईत मनोज होतेच. मग २-३ जुलैच्या रात्री खालूबार, त्याच भागातला घुसखोरांनी बळकावलेला डोंगर. ५ नंबरची प्लाटून त्यांच्याकडे, काम वाटेतले बंकर साफ करायचं, कारण उजाडायच्या आत ते झालं नसतं तर उघड्या कड्यावर अख्खी पलटण टिपली गेली असती. पहिला बंकर घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्यावर जाताना खांद्याला आणि पायांना गोळ्या लागल्या तरी थांबले नाहीत, चौथ्यावर ग्रेनेड टाकताना कपाळावर गोळ्यांचा बर्स्ट बसला आणि ते गेले. वय २४. खालूबार पलटणीने घेतलं. कमांडिंग ऑफिसर कर्नल ललित राय त्याच लढाईत जखमी झाले, त्यांना वीर चक्र मिळालं.

मनोज यांचं परमवीर चक्र २६ जानेवारी २००० ला वडिलांनी राष्ट्रपती नारायणन यांच्या हातून घेतलं. लखनौच्या त्या सैनिक स्कूलला आता त्यांचंच नाव आहे.